खुनशी गव्हर्नेसची हसवणारी भयकथा: पायरीपायरीने कशी लिहावी

इंग्लंडच्या माळरानावरची एकाकी हवेली, दोन वात्रट मुलं, कंजूष मालक, आणि मुलांना शिकवायला आलेली एक गव्हर्नेस. वागायला अत्यंत सभ्य, अक्षर मोत्यासारखं, आणि डोक्याने पार कामातून गेलेली. अशा बाईची गॉथिक कथा गंभीरपणे लिहिणं तुलनेने सोपं आहे. वारा घोंघावतो, मेणबत्ती विझते, वाचक घाबरतो. तीच कथा काळ्या विनोदाच्या अंगाने लिहायला घेतली की बहुतेकांची पंचाईत होते. एक तर बाई दात विचकणारी चेटकीण होते, नाही तर सगळं प्रकरण शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या फार्सवर उतरतं.

या कथेला भूत लागत नाही, हिशेबाची वही लागते. पगाराचा हिशेब, खिडक्यांचा, मेणबत्त्यांचा आणि शेवटी माणसांचा. बाई जितक्या नेटकेपणाने आणि जितक्या नम्रपणे हा हिशेब मांडेल तितकी ती भयानक वाटते, आणि हसूही त्यातूनच येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कामासाठी आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुन्याची कथा बांधत जाऊ. नायिका मिस क्रेक, वय २९. हवेली हॉलोक्रॉफ्ट, यॉर्कशरच्या माळावर. मालक मिस्टर पम्फ्री, मालकीण मिसेस पम्फ्री, मुलं ऑगस्टस (वय ९) आणि लव्हिनिया (वय ७). सगळं काल्पनिक.

ही कथा उचलून कोकणातल्या वाड्यात आणायचा मोह होईल, तो आवरा. आपल्याकडे शिकवायला पंतोजी यायचे, आणि त्यांची तीन पिढ्यांची कुंडली गावाला पाठ असायची. गव्हर्नेसची भीती नेमकी उलटी आहे. ती कोण, कुठली, कुणाची, हे घरात कुणालाच नीट ठाऊक नसतं आणि कुणाला विचारावंसंही वाटत नाही.

१. आधी साल ठरवा

‘व्हिक्टोरियन काळ’ एवढ्यावर भागत नाही. राणी १८३७ ला गादीवर आली आणि १९०१ ला गेली. मधल्या चौसष्ट वर्षांत रेल्वे, पोलीस, दिवाबत्ती, विषविक्रीचे कायदे, सगळंच बदललं. साल न ठरवता लिहिलं की कुठल्या तरी पानावर पात्रं अशा गाडीत बसतात, जिचे रूळ अजून पडलेलेच नाहीत.

माझं मत विचाराल तर १८५१ घ्या. त्या वर्षाने या कथेला लागणारा जवळजवळ सगळा माल एका जागी आणून ठेवला आहे. १ मे ते १५ ऑक्टोबर लंडनच्या हाइड पार्कात काचेच्या महालात जगभरच्या वस्तूंचं प्रचंड प्रदर्शन भरलं होतं. त्यामुळे मिस्टर पम्फ्रीसारख्या माणसाला नसती यंत्रं घरी आणायची खाज सुटणं साहजिक आहे. त्याच वर्षी खिडक्यांवरचा कर रद्द झाला. त्याच वर्षी सोमल (आर्सेनिक हे विष) विकण्यावर पहिल्यांदा कायद्याने बंधन आलं. त्याच वर्षी शिरगणती झाली आणि तिच्यात इंग्लंडमध्ये साधारण २५,००० गव्हर्नेस निघाल्या.

आणि पोलीस? लंडनच्या पोलीस खात्यात गुप्तहेरांची शाखा १८४२ मध्ये निघाली तेव्हा तिच्यात आठ माणसं होती. ग्रामीण परगण्यांनी स्वतःचं पोलीस दल ठेवलंच पाहिजे, ही सक्ती तर १८५६ मध्ये आली. म्हणजे १८५१ च्या हिवाळ्यात माळावरच्या हवेलीत चार माणसं ओळीने मेली, तर चौकशीला येणार कोण? गावचा डॉक्टर, पाद्री आणि कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. तिघांनाही शेरी आवडते असं दाखवा, पुढची पानं आपोआप सुचतील.

२. बाईचा पगार आणि बाईचं ताट

नायिकेच्या मनात शिरायच्या आधी तिच्या पाकिटात शिरा. शार्लट ब्रॉन्टी लेखिका म्हणून गाजायच्या आधी गव्हर्नेस होती. १८४१ मध्ये रॉडन इथल्या एका कुटुंबात तिला वर्षाला २० पौंड ठरले होते, आणि त्यातून कपडे धुण्याचे ४ पौंड कापले जायचे. हातात १६. हे साधं वजाबाकीचं गणित तुमच्या कथेतल्या कुठल्याही रक्ताच्या थारोळ्यापेक्षा जास्त काम करेल. तुमची नायिका शिकलेली, फ्रेंच आणि पियानो येणारी, पाद्र्याची मुलगी आहे, आणि तिच्या पेटीकोटच्या धुलाईचा दर महिन्याला हिशेब होतोय.

दुसरी गोष्ट तिची घरातली जागा. गव्हर्नेस नोकर नाही, म्हणून खाली नोकरांच्या पंगतीला बसत नाही. घरची नाही, म्हणून पाहुणे असले की वर टेबलावर बसत नाही. तिचं जेवण ट्रेमधून शाळेच्या खोलीत येतं, तीन जिने चढून, म्हणजे निवून. मोलकरणीला वाटतं ही आपल्यातलीच असून तोऱ्यात राहते. मालकिणीला वाटतं ही नोकर असून बाईसाहेबांसारखी वागते. त्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. ती जिन्यावर उभी असली तरी लोक तिच्या अंगावरून बोलत राहतात. खुनी माणसाला याहून चांगली जागा कुठली मिळणार?

हे सांगण्यासाठी निवेदन लिहू नका. वहीचं पान दाखवा:

“ठरलेला पगार वार्षिक वीस पौंड. वजा धुलाई, चार पौंड. वजा शाळेच्या खोलीतल्या मेणबत्त्या, एक पौंड दोन शिलिंग (रात्री वाचणं ही माझी चैन आहे असं मिसेस पम्फ्री म्हणाल्या). वजा चिनी मातीची बरणी, नऊ शिलिंग. ती ऑगस्टसने माझ्या डोक्यात घातली, परंतु फुटली माझ्या डोक्यावर, सबब माझ्या नावे. शिल्लक पुढे ओढली.”

“शिल्लक पुढे ओढली” हे तीन शब्द कथेत पुन्हा पुन्हा येऊ द्या. दुसऱ्यांदा येतील तेव्हा वाचकाला कळेल की ओढलं जातंय ते पैशापेक्षा वेगळंच काही आहे. मुलाने डोक्यात बरणी घालणं अतिशयोक्त वाटत असेल तर वाटू द्या. शार्लटवर तिच्या आधीच्या एका नोकरीत मुलाने बायबल फेकून मारल्याची आठवण त्या घराण्यातल्याच एकाने नंतर लिहून ठेवली आहे.

३. शिफारसपत्र, म्हणजे पहिलं खोटं

नोकरी मिळायची ती आधीच्या मालकिणीच्या पत्रावर. खोटं पत्र देणं-घेणं इतकं चालायचं की १७९२ मध्येच इंग्लंडने त्याविरुद्ध कायदा केला. दंड किती? २० पौंड. म्हणजे मिस क्रेकचा बरोबर एका वर्षाचा पगार. तिला हे गणित पाठ असणार. तिच्याकडून वाचकाला ते शांतपणे कळू द्या: “पकडले गेले असते तर एक वर्ष फुकट राबावं लागलं असतं. फरक मला फारसा जाणवला नसता.”

खोटा भूतकाळ कसा बांधतात हे शिकायचं असेल तर एक खरं उदाहरण आपल्या अगदी अंगणातलं आहे. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला १८६२ मध्ये बँकॉकला गेलेली ॲना लिओनोवेन्स. तिच्यावर पुढे नाटकं आली, सिनेमे आले. आपण वेल्समध्ये जन्मलो, वडील सैन्यात कॅप्टन होते, नवरा लष्करी अधिकारी होता, असं तिने आयुष्यभर सांगितलं. प्रत्यक्षात तिचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरचा, आजच्या अहिल्यानगरचा. वडील कंपनीच्या फौजेत, पण कॅप्टनच्या हुद्द्याच्या जवळपासही नाहीत. लग्न पुण्यात, १८४९ च्या नाताळात, आणि नवरा कारकून. विधवा झाल्यावर पोटासाठी तिने आपलं सगळं पूर्वायुष्य नव्याने लिहून काढलं, आणि ती १९१५ मध्ये वारल्यानंतरही कित्येक दशकं ते खपलं. तिने कुणाला विष घातलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. पण भयकथाप्रेमींसाठी एक जाता जाता: १९३१ च्या सिनेमात फ्रँकेनस्टाइनचा राक्षस झालेला बोरिस कार्लॉफ हा तिच्या सख्ख्या बहिणीचा नातू.

ॲनाने स्वतःला राजकन्या केलं नाही. एक पायरी वर सरकवलं, तेवढंच. अहमदनगरच्या जागी वेल्स, कारकुनाच्या जागी अधिकारी. खोटं बोलणारी माणसं असंच बोलतात, गरजेपुरतं. मिस क्रेकलाही उमरावाची टाकलेली मुलगी करू नका. तिची तीन शिफारसपत्रं असू देत, तिन्ही वेगवेगळ्या शाईत, तिन्ही मालकिणी वारलेल्या. मिसेस पम्फ्रीने ती वाचून एवढंच म्हणावं, “अरेरे, तिघीही? या हल्लीच्या सर्द्या.”

४. घर उभं करा, पण प्रत्येक वस्तूची पावती ठेवून

घुबड, कोळिष्टकं, करकरणारी दारं हा माल सगळ्यांकडे असतो. काळ्या विनोदाच्या घरात अंधार पडायलाही व्यावहारिक कारण हवं. इंग्लंडमध्ये १६९६ पासून खिडक्यांवर कर होता. तो वाचवायला लोक खिडक्या विटांनी बुजवत. आजही तिकडच्या जुन्या घरांच्या भिंतींवर अशा आंधळ्या चौकटी दिसतात. १८५१ मध्ये कर उठला. आता मिस्टर पम्फ्री खिडक्या उघडतील का? छे. गवंड्याची मजुरी कोण देणार? म्हणून हॉलोक्रॉफ्ट अंधारात. शाप नाही, आत्मा नाही, गवंड्याची मजुरी. गॉथिक अंधाराला इतकं क्षुद्र कारण मिळालं की वाचक हसतो, आणि मग त्याच अंधारात त्याला राहावं लागतं.

घरात एक तरी वस्तू जवळून दाखवा, आणि ती खरी असेल तर सोन्याहून पिवळं. यॉर्कशरच्याच किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावच्या जॉर्ज मेरीवेदर नावाच्या डॉक्टरने १८५१ च्या प्रदर्शनात वादळाचं भाकीत करणारं यंत्र मांडलं होतं. गोलात मांडलेल्या बारा काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत थोडं पावसाचं पाणी आणि एक जिवंत जळू. वादळ जवळ आलं की जळवा अस्वस्थ होऊन बाटलीच्या गळ्याशी चढतात, तिथला व्हेलबोनचा (व्हेलच्या जबड्यातल्या लवचीक पट्टीचा) बारीक तुकडा ढळतो आणि वर बसवलेली घंटा वाजते. जितक्या जास्त जळवा चढतील तितका वादळाचा भरवसा जास्त. बाटल्या गोलात का? तर जळवांना एकमेकींचा सहवास मिळावा, एकांतवास वाटू नये, म्हणून! हे मी रचलेलं नाही.

असं यंत्र मिस्टर पम्फ्रींनी दिवाणखान्यात आणून ठेवलंय म्हटल्यावर तुमची निम्मी कथा झाली. पहिल्यांदा घंटा वाजते तेव्हा खरंच वादळ येतं. दुसऱ्यांदा वाजते तेव्हा बाहेर लख्ख ऊन असतं. मिस क्रेक नुकतीच खोलीत आलेली असते. इथे थांबा, एक शब्दही जास्त लिहू नका. आणि जळवांना मिळणारा सहवास मिस क्रेकला मिळत नाही, हे तिच्या लक्षात आलेलं असू द्या.

माळ्यावर कोंडलेली वेडी बायको नको. ती फार वापरून झाली. उलट मिस क्रेकला वर कुणीतरी असावं अशी आशा लागलेली असू दे. एका रात्री ती किल्ली मिळवून वर जाते. तिथे मिस्टर पम्फ्रींचे शिकारीचे जुने बूट निघतात. “मला जरा वाईट वाटलं,” ती लिहिते. “कुणी असतं तर चार शब्द बोलता आले असते.”

५. आवाज: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

कथा बाईच्याच तोंडून, प्रथमपुरुषात सांगा. तृतीयपुरुषी निवेदकाला कुठे तरी धक्का बसतोच. बाईला बसत नाही. याच फरकावर विनोद चालतो.

नवखा लेखक असं लिहितो:

“मिस क्रेकच्या डोळ्यांत वेडाची झाक होती. तिच्या ओठांवर क्रूर हसू उमटलं. आज कुणीतरी मरणार होतं!”

यात घाबरण्यासारखं काही नाही आणि हसण्यासारखं तर नाहीच. आता हेच वहीच्या सुरात:

“मंगळवारी फ्रेंच क्रियापदं घेतली. बुधवारी स्वयंपाकीणबाई वारल्या, त्यामुळे रात्रीचं मटण कच्चं आलं. मिसेस पम्फ्रींच्या कानावर मी ते नम्रपणे घातलं. गुरुवारी पुन्हा क्रियापदं. ऑगस्टस अजून भूतकाळात चुकतो. मला भूतकाळाचा त्रास कधीच झाला नाही.”

इथे मरण वाक्याच्या मध्यभागी आहे आणि वाक्याचा भर कच्च्या मटणावर. मोठी गोष्ट गौण वाक्यात, क्षुल्लक गोष्ट मुख्य वाक्यात. हाताशी ठेवावं असं या प्रकारातलं पहिलं हत्यार हेच. दुसरं, गोष्टींची चुकीची सरमिसळ: एकाच यादीत हातरुमाल, शाई, सुई-दोरा आणि माणूस. तिसरं, बाईच्या तक्रारी नेहमी शिष्टाचाराबद्दल असाव्यात. रक्त सांडलं याचं तिला काही नाही, ते रविवारी सांडलं याचं वाईट वाटतं.

मराठीत लिहिताना आपल्या हाती एक जादा पत्ता आहे, तो वाया घालवू नका. मिस क्रेक मालकिणीशी ‘आपण’ने बोलेल, बटलरशी ‘तुम्ही’ने, मुलांशी ‘तू’ने. हे पहिल्या पानापासून काटेकोर पाळा. इतकं, की वाचकाला त्याची सवय होऊन जावी. मग कधी तरी, कथा दोनतृतीयांश झाल्यावर, दार लावून घेत ती मिसेस पम्फ्रींना म्हणते, “बस ना. उभी का तू?” चाकू काढायची गरज उरत नाही.

भाषा फार जुनाट करू नका. “हे प्रिये, निशासमयी” छापाची मराठी लिहिली की कथा विडंबन होऊन बसते. साधी, इस्त्री केलेली, किंचित कार्यालयीन मराठी ठेवा. ‘सबब’, ‘परंतु’, ‘कळवण्यास खेद वाटतो’ असे शब्द तिच्या तोंडी शोभतात. विशेषणं मात्र उपाशी ठेवा. आणि उद्गारचिन्ह? संपूर्ण कथेत एकच, तेही फ्रेंचच्या तासाला.

तिला स्वतःबद्दल चुकीची खात्री असू द्या. आपण फार सोशीक आहोत, आपला स्वभाव खेळकर आहे, मुलांचा आपल्यावर जीव आहे, असं तिला मनापासून वाटतं. वाचकाला खोलीतलं दृश्य दिसतं आणि तिचं स्पष्टीकरण ऐकू येतं. दोन्हीत जी फट पडते तिथे तो हसतो. ती मुद्दाम खोटं बोलतेय असं वाटलं की ही फट बुजते. म्हणून वहीत ती कधीच खोटं लिहीत नाही. वगळते फक्त.

६. घरची मंडळी, आणि हसायचं कुणाला

मालक-मालकीण नुसते बावळट असून चालत नाही. त्यांनी रोज थोडी थोडी क्रूरता करावी, आणि ती त्या काळात अगदी प्रतिष्ठित असावी. मुलींची पाठ ताठ राहावी म्हणून पाठीला लाकडी फळी लावून बसवायची पद्धत होती. बाळ रडू नये म्हणून अफू घातलेलं गोड औषध चमच्याने पाजत, आणि ते कुणालाही दुकानात मिळे. डोक्यावरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगणारं शास्त्र बड्या घरांतून गंभीरपणे चाललं होतं. मिस्टर पम्फ्रींना त्याचा नाद असू द्या. नोकरीवर घेताना ते मिस क्रेकचं डोकं बोटांनी चाचपतात आणि जाहीर करतात, “मातृत्वाचा उंचवटा उत्तम. विध्वंसाचा जवळजवळ नाहीच.” खरंच त्या शास्त्राच्या नकाशात कानाच्या वर विध्वंसाची जागा असायची. तिथे केसांचा जाड अंबाडा आहे, एवढंच मिस क्रेक नोंदवते.

मुलं निरागस देवदूत नकोत आणि सैतानही नकोत. ती आई-बापांच्या बोलण्याची नक्कल करणारी असावीत. लव्हिनिया बाहुल्यांच्या खेळात बाहुलीचा पगार कापते, तेव्हा त्या घरात काय चालतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता अवघड भाग. खऱ्या प्रकरणांतून माल घेताना जपा. १८५५ मध्ये पॅरिसमध्ये सेलेस्टिन दूदे नावाच्या गव्हर्नेसवर खटला चालला. इंग्लंडमधल्या मॉल्व्हर्नच्या एका डॉक्टरने आपल्या मुली तिच्याकडे ठेवल्या होत्या. एका मुलीच्या मृत्यूच्या आरोपातून ती सुटली, पण मुलींच्या छळाबद्दल तिला शिक्षा झाली. १८६० मध्ये विल्टशरमधल्या रोड हिल हाउस या घरात चार वर्षांचंही नसलेलं मूल रात्रीतून पाळण्यातून नाहीसं झालं आणि बाहेरच्या संडासात गळा चिरलेलं सापडलं. त्या घरची मालकीण आधी त्याच कुटुंबात गव्हर्नेस होती, पहिली बायको हयात असताना आलेली. पाच वर्षांनी सावत्र बहिणीने, कॉन्स्टन्स केंटने, गुन्हा कबूल केला. फाशी माफ होऊन तिने वीस वर्षं कैद भोगली, आणि ती १९४४ मध्ये शंभरीला पोचून ऑस्ट्रेलियात वारली.

या दोन्ही प्रकरणांतून बंद घराची हवा घ्या. प्रतिष्ठेसाठी झाकून ठेवलेल्या गोष्टी घ्या, सगळ्यांना माहीत असून कुणीच न बोलणं घ्या. मेलेली पोरं घेऊ नका. माझ्या लेखी इथे रेघ स्पष्ट आहे. काळा विनोद सत्ता असलेल्या माणसावर चालतो, दुबळ्यावर चालवला की तो नुसता काळा उरतो. मिस क्रेकच्या वहीत मुलांचा क्रम लागणार की नाही, ही धास्ती शेवटपर्यंत टिकवा. पण ती धास्ती हसण्याचा विषय करू नका. हवं तर कथेतला एकमेव खरा सलोखा लव्हिनिया आणि बाईंमध्येच होऊ द्या. तो कुठल्याही खुनापेक्षा जास्त भिववणारा ठरेल.

७. सोमल, नोंदवही आणि सही

हत्यार म्हणून त्या काळाने सोमल हाती दिलेलाच आहे. तो उंदरांसाठी, माश्यांसाठी, अगदी भिंतीच्या हिरव्या रंगातसुद्धा असायचा. पण कथेला उपयोगी आहे तो त्याभोवतीचा कागदोपत्री कारभार. मार्च १८५१ मध्ये सेरा चेशम नावाच्या बाईला विषप्रयोगाबद्दल एसेक्समध्ये फाशी झाली. बायका नवऱ्यांना विष घालत सुटल्यात, अशी हाकाटी वर्तमानपत्रांत आधीपासून चालूच होती. त्याच वर्षी सोमलविक्रीचा कायदा झाला. विकणाऱ्याने वहीत तारीख, नाव, पत्ता, वजन आणि कारण लिहायचं, घेणाऱ्याने सही करायची, आणि घेणारा ओळखीचा नसेल तर साक्षीदार आणायचा. पांढरी पूड पिठात किंवा साखरेत खपून जाऊ नये म्हणून किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळायची.

आणि मसुद्यात एक कलम असंही घुसवलं गेलं होतं की सोमल फक्त प्रौढ पुरुषांनाच विकावा. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने गृहमंत्र्यांना पत्र लिहून कडक विरोध केला, आणि ते कलम गळालं. मिस क्रेकला या समतेबद्दल मिलसाहेबांचे आभार मानायला लावा.

दुकानातला प्रसंग छोटा ठेवा:

“कशासाठी हवाय, मिस?”
“उंदरांसाठी.”
“फार झालेत का?”
मी मनात मोजलं. “नोकर धरून अकरा.”
त्याने ‘उंदीर, ११’ असं लिहून वही पुढे सरकवली. मी वळणदार सही केली.

काजळीचाही उपयोग करा. पांढरंशुभ्र दुधाचं पुडिंग राखाडी होऊन टेबलावर येतं. मिसेस पम्फ्री भुवया उंचावतात. मिस क्रेक शांतपणे सांगते, लंडनला प्रदर्शनात असंच वाढत होते. फॅशनचं नाव निघाल्यावर मिसेस पम्फ्री दुसऱ्यांदा वाढून घेतात. विषाची मात्रा, लक्षणं, किती तासांत काय होतं, या तपशिलात कथेने शिरायचं कारण नाही. वाचकाला ताटातला रंग आणि मालकिणीचा हावरेपणा दिसला की पुरे.

८. मरणांची चढण

पाच हजार शब्दांच्या कथेत चार मरणं पुष्कळ झाली. पहिलं पडद्याआड आणि संशयास्पद नसलेलं, वर स्वयंपाकीणबाईंचं केलं तसं. दुसरं अपघातासारखं, आणि त्यात बाईचा हात आहे की नाही याबद्दल वाचकच साशंक. तिसरं सरळ. चौथं असं, की वाचकाने ते स्वतः मागितलेलं असावं. मिस्टर पम्फ्री मेणबत्त्यांचे पैसे दुसऱ्यांदा कापतात तेव्हा वाचकाच्या मनात “आता याचं काय ते बघाच, बाई” आलं पाहिजे. मग ते घडवा, आणि ते वाचकाला अपेक्षेपेक्षा थोडं जास्त वेळ बघायला लावा. हसू तिथे अडलं पाहिजे.

दोन मरणांच्या मध्ये सुतकाचा बाजार भरवा, कारण त्या काळी दुःखाचंही वेळापत्रक होतं. विधवेने दोन वर्षांहून जास्त काळ सुतकी कपड्यांत राहायचं, त्यातला बराचसा काळ काळ्या क्रेपच्या कापडात, पत्रांना काळी किनार, दागिने व्हिटबीच्या काळ्या जेट दगडाचे, मेलेल्याच्या केसांची गुंफण घातलेलं लॉकेट. १८४१ पासून लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर फक्त सुतकाच्या कपड्यांचं भलंमोठं दुकान होतं. मिस्टर पम्फ्रींनी बायकोच्या मरणानंतर क्रेपचा भाव ऐकून मटकन खाली बसावं. काटकसर म्हणून मिस क्रेकने सुचवावं की कापड एकदमच जास्त घेतलं तर गजामागे स्वस्त पडेल.

९. शेवट आणि शेवटचा हात

शेवटी बाई वेडी का झाली ते सांगणारं प्रकरण जोडू नका. लहानपणीचा अत्याचार, क्रूर बाप, जळालेलं घर. एका कारणात ती मावली की भीती संपते, आणि विनोद तर आधीच उठून गेलेला असतो. हवं तर तिला तीन कारणं तीन वेगवेगळ्या लोकांना सांगू दे, तिन्ही एकमेकांशी न जुळणारी.

फाशी द्यायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण दिलीत तर काळाला धरून द्या. १८६८ पर्यंत इंग्लंडमध्ये फाशी उघड्यावर, गर्दीपुढे व्हायची, आणि गर्दीत फेरीवाले गुन्हेगाराच्या कबुलीची छापील गाणी विकत, पुष्कळदा त्याने कबुली दिलेली नसतानाही. मिस क्रेक चौथऱ्यावरून त्या कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतेय, हा एक शेवट. तो जरा टाळ्याखाऊ आहे. मला त्यापेक्षा ती सुटून जाणं आवडतं. कॉरोनर निकाल देतो, “पोटाचा विकार, घरातल्या ओलीमुळे”. खिडक्या उघडाव्यात अशी शिफारस करतो. आणि अनाथ मुलांना सांभाळायला घरात एकच जबाबदार बाई उरलेली असते.

पहिला खर्डा झाला की तो मोठ्याने वाचा, शक्यतो अशा माणसापुढे ज्याला भयकथा आवडत नाहीत. तो कुठे हसतो ते पेन्सिलीने टिपा. हसून झाल्यावर कुठे तुमच्याकडे संशयाने बघतो, तेही टिपा. पहिल्या खुणा जास्त निघाल्या तर चौथं मरण आणखी सावकाश लिहा. दुसऱ्या जास्त निघाल्या तर मिस्टर पम्फ्रींना आणखी दोन ठिकाणी पैसे कापायला लावा. मग ‘क्रूर’, ‘भेसूर’, ‘गूढ’, ‘विकट’ हे चार शब्द शोधून सगळीकडून काढून टाका, सगळी सालं पुन्हा ताडून बघा, आणि उद्गारचिन्हं मोजा.